परक्याच्या शब्दावर परदेश

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा एका साप्ताहिकात त्याचं परीक्षण आलं होतं. चांगलं होतं. इतकं चांगलं, की माझ्या थोरल्या भावानं ते वाचून विचारलं, 'हे तुझ्याच पुस्तकाबद्दल आहे ना?' लिहिणारा माझा मित्र. बी.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे त्याचा संग्रह आला, त्यावर मी लिहिलं. कुणी कुणाला पैसे दिले नाहीत, खोटंही कुणी बोललं नाही. जे खटकलं ते मात्र दोघांनीही लिहिलं नाही.

त्यामुळे परदेशातल्या रिसॉर्टबद्दल लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय वाचायची वेळ आली, तेव्हा मला वाटलं, यातलं आपल्याला कळतं.

आमच्या निकाहाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीनं आणि जावयानं आम्हा दोघांना मालदीवला न्यायचं ठरवलं. २०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही चिपळूणचे, पत्नीचं माहेर हर्णैकडचं. 'समुद्र बघायला विमानात कशाला बसायचं?' असं ती म्हणाली. पण मनातून खूश होती. मालदीव म्हटल्यावर मला आधी आठवली ती कवडी. आपण 'कवडीमोल' म्हणतो, 'फुटकी कवडी देणार नाही' म्हणतो. पैसा म्हणून चालणाऱ्या त्या कवड्या शतकानुशतकं मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात आल्या त्या या बेटांवरून. आणि दुसरा आठवला इब्न बतूता. १३४३ च्या सुमाराला तो मोरोक्कोचा प्रवासी तिथं पोचला, काझी झाला, लग्नं केली, भांडला आणि निघून गेला. त्याचा प्रवासवृत्तान्त म्हणजे त्या काळचा मोठा अभिप्रायच. पण गंमत अशी, की त्यातली दमास्कस, मक्का, मदिना यांची वर्णनं बऱ्याच अंशी इब्न जुबैर नावाच्या आधीच्या प्रवाशाच्या ग्रंथातून उचललेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे दुसऱ्याचा अभिप्राय आपला म्हणून खपवणं ही काही आजची कला नव्हे. मालदीवबद्दल मात्र तो स्वतःचं पाहिलेलं सांगतो. ते ओळखू येतं, कारण तिथं तो तक्रारी करतो.

तर रात्री जेवणं झाली की मुलगी फोन घेऊन बसायची आणि मोठ्यानं वाचायची. 'अब्बा, चार पूर्णांक सात तारे आहेत.' 'अम्मी, बघ, स्वर्ग म्हणून लिहिलंय.' स्वर्ग हा शब्द एका संध्याकाळी मी अकरा वेळा ऐकला. एका बाईनं दोनच तारे दिले होते. तिनं लिहिलं होतं, जेटीपाशी पाण्याला ओढ आहे, धरायला दोर नाही, लक्ष ठेवणारा माणूस नाही, माझ्या नवऱ्याला होडी पाठवून परत आणावं लागलं. आणि त्याच दमात तिनं लिहिलं होतं, की नाश्त्याचं आम्लेट गार असतं. आम्ही आम्लेटला हसलो. खरं सांगतो, सगळे हसलो. कुरकुऱ्या बाईचं कोण ऐकतं? मुलीनं पुढचं वाचायला घेतलं.

पहिला फटका पोचायच्या आधीच बसला. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एकेक स्वतंत्र बेट. विमानतळावरून तिथं जायला एक तर वेगवान बोट, नाही तर पाण्यावर उतरणारं छोटं विमान. हे विमान दिवसाउजेडीच उडतं. आमचं मुंबईचं विमान संध्याकाळी साडेपाचला उतरलं. मग हुलहुमालेत पदरच्या पैशानं एक रात्र काढली आणि रिसॉर्टची भरलेली रात्र फुकट गेली. हीसुद्धा गोष्ट एकानं लिहून ठेवली होती, तीन तारे देऊन. तीन ताऱ्यांचं आम्ही वाचलंच नव्हतं. खोलीच्या भाड्यावर सेवा आकार दहा टक्के, सरकारी कर तेव्हा सोळा टक्के (जुलै २०२५ पासून तो सतरा झाला) आणि वर हरित कर माणशी दर रात्री बारा डॉलर. चौघांचे चार रात्रींचे एकशे ब्याण्णव डॉलर. जावई हिशेब करत गप्प बसला होता. म्हणून सांगतो, बुकिंग करताना सगळे कर आणि बेटावर नेण्या-आणण्याचा खर्च धरून एकच आकडा लेखी मागून घ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पत्नी आणि मुलगी तोंडावर काच आणि नळी लावून पाण्यात उतरल्या. पत्नी लहानपणी खाडीत पोहलेली, तिनं लाइफ जॅकेट घेतलं नाही. मी किनाऱ्यावर खुर्चीत वही उघडून बसलो होतो. एवढा सुंदर समुद्र पाहून कवितेची ओळ सुचणारच, असा माझा समज. मुलगी परत आली, तिला वाटलं अम्मी मागोमाग आहे. अम्मी एका कासवामागं गेली होती. तिनं डोकं वर काढलं तेव्हा जेटी लहान दिसत होती.

हे असं का होतं ते मला नंतर समजलं. तिथली बेटं कड्यासारखी गोलाकार वसलेली आहेत. या कड्याला तिथल्या दिवेही भाषेत 'अतोळू' म्हणतात, इंग्रजीतला 'अ‍ॅटॉल' त्याच्यावरूनच आला. कड्यातल्या दोन बेटांमध्ये जी फट असते तिच्यातून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. प्रवाळाची कड असते तोवर पाणी कमरेइतकं, कड संपली की तळ एकदम खोल जातो. पाणी वरून काचेसारखं शांत दिसतं. हर्णैला लाट दिसते, फेस दिसतो, भीती दिसते. इथं काहीच दिसत नाही. आणि वाऱ्याप्रमाणे ही ओढ दिशा बदलते. आपल्या थंडीच्या दिवसांत ती सर्वसाधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेला, पावसाळ्यात उलट. म्हणजे जानेवारीत कुणी 'पाणी अगदी शांत' असं लिहिलं असेल तर ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्याच्या कामाचं नाही. फुकेटच्या पश्चिम किनाऱ्याचंही तेच. मे ते ऑक्टोबर तिथं लाल निशाणं लागतात, आणि स्वस्तात मिळालं म्हणून आपली माणसं नेमकी तेव्हाच जातात.

पत्नी आधी सरळ किनाऱ्याच्या दिशेनं हात मारत राहिली आणि दमली. मग तिला वडिलांचं सांगणं आठवलं आणि ती पाठीवर पडून राहिली, एक हात वर करून. तो हात पाहिला आमच्या जेवणघरात वाढणाऱ्या एका बांगलादेशी पोरानं. तो धावत सुटला, ओरडला, धोणीवाल्यांनी धोणी काढली. वीस मिनिटं गेली असतील. मी पाण्यात गुडघाभर जाऊन उभा होतो. मला पोहता येत नाही.

संध्याकाळपर्यंत ती काही बोलली नाही. रात्री एकच वाक्य बोलली, 'आम्लेटवाली बाई खरं सांगत होती.'

परत आल्यावर मी ते सगळे अभिप्राय पुन्हा काढून वाचले, दीडशेच्या वर. या वेळी मला माझ्या त्या मित्राचं परीक्षण आठवत होतं. 'अविस्मरणीय', 'अप्रतिम', 'स्वर्गीय' हे शब्द असले की समजावं, माणूस एक तर फार खूश आहे किंवा त्याला काही सांगायचं नाही. उपयोगाचे अभिप्राय वेगळे असतात. त्यांच्यात महिना असतो, खोलीची बाजू असते, किती वाजता बोट सुटली हे असतं, जेटीच्या कोणत्या अंगाला काय हे असतं. ते बहुधा तीन-चार तारेवाले असतात आणि त्यांत आम्लेटही असतं. ज्याला आम्लेट गार लागलं त्याचं पाण्याबद्दल खोटं असेल, असं धरायचं काही कारण नव्हतं. लिहिणाऱ्याच्या नावावर दुसरं काही लिहिलेलं आहे का, हे बघावं. आठवड्याभरात वीस जणांनी एकाच साच्यातलं लिहिलंय का, तेही बघावं. पाहुण्यांनी काढलेले फोटो बघावेत. रिसॉर्टचे फोटो म्हणजे स्थळ दाखवायला काढलेले फोटो. आणि सगळे अभिप्राय वाचणं होत नसेल तर 'करंट', 'लाइफगार्ड', 'डॉक्टर', 'चोरी', 'पोलीस' असे शब्द घालून शोधावं. आम्ही शोधत होतो 'सूर्यास्त'.

हे तारे किती खरे? २०१७ साली लंडनमध्ये उबा बटलर नावाच्या पत्रकारानं आपल्या घरामागच्या शेडला उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर चढवलं. अन्न नव्हतंच, दाढीचा फेस वगैरे वापरून पदार्थांचे फोटो काढले, मित्रांकडून अभिप्राय लिहवून घेतले, आणि ती शेड लंडनमधल्या अठरा हजारांवर उपाहारगृहांत पहिली आली. २०१८ मध्ये इटलीतल्या लेच्चे इथल्या न्यायालयानं खोटे अभिप्राय विकणाऱ्या एका माणसाला नऊ महिन्यांची शिक्षा दिली. आपल्याकडे मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, तेही ऐच्छिक.

पण मला खोट्या अभिप्रायांपेक्षा न दिसणाऱ्या अभिप्रायांची जास्त धास्ती वाटते. मेक्सिकोतल्या एका रिसॉर्टच्या पहारेकऱ्यानं आपल्यावर बलात्कार केला, असं एका अमेरिकन बाईनं २०१० साली लिहिलं होतं. भाषा कुटुंबांनी वाचण्याजोगी नाही, म्हणून ते संकेतस्थळावरून काढलं गेलं. २०१७ साली मिल्वॉकीच्या वृत्तपत्रानं हे प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा कंपनीनं माफी मागितली आणि मजकूर पुन्हा लावला. मधल्या सात वर्षांत तिथं गेलेल्या बायकांनी काय वाचलं असेल? सूर्यास्त वाचला असेल. म्हणून अभिप्रायांवर न थांबता त्या गावाचं नाव घालून तिथल्या बातम्या शोधाव्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग विएंगला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक गेले. फुकट दारू मिळते, हा एरवी अभिप्रायात गुण म्हणून लिहिला जातो. मी घेत नाही. पण घेणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की मिथेनॉलचा त्रास कधी कधी बारा-चोवीस तासांनी सुरू होतो, डोळ्यांपुढं धूसर व्हायला लागतं, आणि त्याला लोक उतरलेली नशा समजतात. तेव्हा झोपून न राहता लगेच इस्पितळ गाठावं.

आता जायचं झालं तर मी रिसॉर्टला आधी पत्र लिहीन. बेटावर डॉक्टर आहे का, इस्पितळाला किती वेळ लागतो, रात्री बोट मिळते का, पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस कोणत्या वेळात असतो. उत्तर गोलगोल आलं तरी तेच उत्तर. प्रवास विम्यात पाण्यातले खेळ आणि आजाऱ्याला हलवण्याचा खर्च धरलाय का, तेही बघेन. मध्यस्थामार्फत बुकिंग असेल तर पैसे भरल्यावर थेट रिसॉर्टला फोन करून आपलं नाव त्यांच्या वहीत आहे का, याची खात्री करून घेईन.

राहिली माझी गोष्ट. निघायच्या आदल्या संध्याकाळी तोच बांगलादेशी पोरगा आमच्या टेबलाशी घुटमळला. 'सर, अभिप्राय लिहाल? पाच तारे, आणि माझं नाव.' नाव आलं की त्याला पगारावर काहीतरी मिळतं, असं तो म्हणाला. ज्यानं माझ्या बायकोचा हात पाहिला त्याला मी नाही कसं म्हणणार? तिथंच लिहिलं. पाच तारे, त्याचं नाव, आणि हो, 'अविस्मरणीय' हा शब्दसुद्धा. पाण्याबद्दल अक्षर नाही.

घरी आल्यावर पत्नीनं विचारलं, 'त्या पोराला पाच तारे दिलेत. त्या पाण्याला किती दिलेत?'

तो अभिप्राय काढून मी दुसरा लिहिला. तारे तीन. पोराचं नाव ठेवलं, त्यानं काय केलं ते लिहिलं आणि जेटीच्या डाव्या अंगाला भरतीओहोटीच्या वेळी काय होतं तेही. चार दिवसांनी रिसॉर्टचं पत्र आलं. भाषा फार गोड होती. अभिप्रायाचा फेरविचार केला तर पुढच्या मुक्कामात सवलत. मी उत्तर दिलं नाही. मग एक दिवस नाशिकच्या एका गृहस्थांचा निरोप आला. दोन मुलं घेऊन जुलैत निघाले होते. 'डाव्या अंगाला म्हणजे नक्की कुठून पाहिल्यावर?'

मी पत्नीला विचारलं. ती म्हणाली, 'डावीकडे कुठलं? तुम्ही किनाऱ्यावर खुर्चीत बसून बघत होता. मी पाण्यात होते. बोटीतून उतरताना ते उजव्या हाताला येतं. आणि त्यांना सांगा, जुलैत वारा फिरलेला असेल, तिथं गेल्यावर धोणीवाल्याला विचारा.'

मी तसं कळवलं आणि अभिप्रायही दुरुस्त केला.