इंजिनचा पदर



सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हा आमचा धंदा. मंगळवेढ्याकडची ज्वारी आणायला गटानं जुनी व्हॅन घेतली. आज तिच्या एअर फिल्टरविषयी सांगणार आहोत, कारण त्यावरून आमच्या गटात मोठं भांडण झालं.

धुळीच्या वाटेनं जाताना आपण नाकावर पदर धरतो. इंजिनचा पदर म्हणजे एअर फिल्टर. तो नीट नसेल तर बारीक माती आत जाते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. मग गाडी ऑइल खाते, निळा धूर टाकते आणि इंजिनचं मोठं काम निघतं.

फिल्टर दोन तऱ्हेचे. कागदी मळला की बदलायचा. कापडी म्हणजे जाळीत बसवलेले सुती कापडाचे थर, त्यावर खास तेल. धूळ तेलाला चिकटते. तो धुऊन परत वापरता येतो. जुन्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा फिल्टर असतो, त्यातही धूळ तेलच धरतं.

एका कापडी फिल्टरच्या पैशांत आमचे आठ-दहा कागदी आले असते. तरी “एकदाच काय तो खर्च” म्हणून आम्ही कापडी घेतला. पुढं एकीनं तो स्वच्छ धुतला. तेलाची बाटली संपली होती आणि ऑर्डर घाईची होती. दुसरीनं तो तसाच कोरडा बसवला. दोन खेपा झाल्यावर मिस्त्रींनी फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवलं, तर बोटाला माती! बैठकीत सगळ्या धुणारीवर तुटून पडलो. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही. खरं तर हे काम कुणाचं, ते आम्ही वहीत लिहिलंच नव्हतं. शेवटी तिच्या घरी जाऊन आम्ही चूक कबूल केली.

आता आम्ही कागदी वापरतो. दर महिन्याला उघडून बघतो, कडेचं रबर नीट बसलंय का ते तपासतो. कच्च्या रस्त्यानं फिरणं जास्त, म्हणून पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलतो. जोराच्या हवेनं झाडत नाही, कागद फाटतो.

कापडी वाईट नाही. एकाच हाताखाली गाडी असेल आणि तो हात शिस्तीचा असेल, तर जरूर घ्या. पण धुतल्यावर तो सावलीत पूर्ण वाळू द्या. खास तेलच लावा, घरातलं गोडं तेल नको. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि गाडी अडखळते. अ‍ॅव्हरेज वाढेल या आशेनं मात्र घेऊ नका.

फिल्टर कोणताही घ्या, पण तो कोण बघणार, तिचं नाव आधी वहीत लिहा. आमच्या वहीत आज त्याच बहिणीचं नाव आहे, तिनं स्वतः मागून घेतलेलं.