उरलेल्या कापडाची वही

(महिला शिवणवर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)





शिवणवर्गाच्या समारोपाला बँकेतली एक कारकून कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. माझा दिवस आकड्यांत जातो. परंतु उरलेल्या कापडातून वह्या बांधण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि त्याविषयी दोन शब्द बोलावेत असा कार्यकारिणीचा आग्रह झाला.

आपल्या भाषेत ‘चिंधी’ हा शब्द माणसाला हिणवण्यासाठी वापरतात. पण कागदाचा इतिहास पाहिला तर त्याचा जन्मच चिंध्यांतून झालेला आहे. इसवी सन १०५ च्या सुमारास चीनमध्ये त्साय लुन या अधिकाऱ्याने झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून कागद केला, असे इतिहास सांगतो. म्हणजे वहीला चिंधीचे कापड चढवणे हे लेकीला माहेरचे लुगडे नेसवण्यासारखेच आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे हे करणार काय, असे राजाने विचारले. आनंदांनी शांतपणे हिशेब दिला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना ही मिळतील. जुन्या चीवरांची अंथरुणावरची आच्छादने होतील, आधीच्या आच्छादनांची बैठकीची वस्त्रे, त्यांची पायपुसणी, त्यांची फडकी आणि शेवटी फडकीही मातीत कालवून भुई लिंपण्यास घेतली जातील. बँकेत बसून मी पुष्कळ हिशेब पाहिले, पण इतका चोख हिशेब क्वचितच पाहिला. आपल्या आज्या गोधडी शिवताना हेच करीत होत्या.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

साधा ए-४ कागद मधोमध दुमडला की साधारण १५ सें.मी. रुंद आणि २१ सें.मी. उंच पान मिळते. असे पाच कागद एकात एक घालून दुमडावेत, चमच्याच्या दांड्याने घडी दाबावी. ही झाली एक जुडी. अशा आठ जुड्या केल्या की चाळीस कागदांची १६० पृष्ठांची वही होते. प्रत्येक जुडीच्या घडीवर पाच भोके पाडावीत. आठही जुड्यांची भोके एका रेषेत यावीत म्हणून पुठ्ठ्याच्या पट्टीवर खुणा करून तीच पट्टी सगळीकडे लावावी. भोकासाठी चांभाराची आरी उत्तम.

शिवायला जाड सुती दोरा घ्यावा आणि मेणबत्तीवरून ओढावा, म्हणजे तो गुंतत नाही. एक जुडी शिवून झाली की तिच्यावर दुसरी ठेवायची. टोकाला आल्यावर खालच्या जुडीच्या टाक्याखालून सुई काढून गाठ मारायची. अशा रीतीने प्रत्येक जुडी आपल्या शेजारणीला धरून राहते. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या वहीचे एक पान सुटले की मागोमाग दुसरे सुटते. शिवलेल्या वहीचे तसे होत नाही. नंतर पाठीला खळ लावून जुन्या धोतराची पट्टी चिकटवावी. ती पाठीपेक्षा दोन्ही बाजूंना तीन-तीन सें.मी. रुंद असावी. वही आणि पुठ्ठा यांना खरे धरून ठेवते ती ही न दिसणारी पट्टी. पहिल्या आणि शेवटच्या जुडीला एकेक दुमडलेला कोरा कागद घडीलगत चिकटवावा; तो पुढे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बसतो.

खळ घरचीच करावी. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून, एकूण पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवावा. बांधणीवाले किडीसाठी त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरात ते न वापरणे बरे. त्याऐवजी खळ ताजी करावी आणि वही पूर्ण सुकवावी.

कापड सुतीच घ्या. पॉपलीन, खण, जुन्या लुगड्याचा काठ, गणवेशाचे तुकडे, सगळे चालते. नायलॉन आणि जॉर्जेटवर खळ धरत नाही, होजिअरी ताणली जाते. कापडावर थेट खळ लावू नये, ती आरपार पाझरते आणि डाग पडतात. पातळ कागदाला खळ लावून त्यावर कापडाची उलटी बाजू ठेवावी, हाताने सारखी करावी, आणि वाळू द्यावे.

दोन मि.मी. जाडीच्या पुठ्ठ्याचे २१.६ गुणिले १४.५ सें.मी.चे दोन तुकडे कापावेत. पाठीची पट्टी तितकीच उंच आणि वहीची जाडी अधिक दोन्ही पुठ्ठ्यांची जाडी एवढी रुंद. पट्टी आणि पुठ्ठा यांच्यात सात मि.मी. फट सोडावी, तीच वहीची बिजागरी. चारही बाजूंना दोन सें.मी. कापड दुमडण्यासाठी हवे. म्हणजे सुमारे ३६ गुणिले २६ सें.मी.चे कापड लागते. एवढा तुकडा नसेल तर जोडून घ्या आणि शिवण इस्त्रीने सपाट करा. ती पुठ्ठ्यावर यावी, बिजागरीवर नको. शेवटी शिवलेली वही आत बसवून कोरे कागद पुठ्ठ्याला चिकटवावेत, ओल पसरू नये म्हणून मध्ये प्लास्टिक घालावे, आणि पाट्याखाली एक दिवस दाबून ठेवावे.

काही भगिनी म्हणतील, या वह्या विकता येतील का? जरूर येतील. पण हिशेब नीट मांडा. सुकण्याचा वेळ सोडला तरी नवख्या हाताला एका वहीला तीन-चार तास लागतात. कापड फुकट मिळाले म्हणून वही फुकट होत नाही. किंमत ठरवताना बाया कागद धरतात, पुठ्ठा धरतात आणि स्वतःचे हात मात्र धरायचे विसरतात. ‘घरबसल्या केले, त्यात काय एवढे’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या आधी आपणच बोलतो. ते बोलणे आधी बंद झाले पाहिजे.

आणि माझी खरी विनंती पुढेच आहे. पहिली वही विकू नका. ती स्वतःसाठी ठेवा.

आपल्या वस्तीतल्या घरांत मुलांच्या वह्या असतात, दुकानदाराची उधारीची वही असते, बचत गटाची वही असते. बाईची स्वतःची वही किती घरांत आहे? काउंटरवर माझ्यासमोर रोज बाया येतात. मुलाची जन्मतारीख, नवऱ्याच्या निधनाचे साल, वारस म्हणून कोणाचे नाव दिले, हे सारे कोणाला तरी विचारून सांगतात. आयुष्य त्यांचे आणि नोंद दुसऱ्याजवळ. हे बदलायला फार मोठी क्रांती लागत नाही. ही १६० पृष्ठे पुरतात.

काय लिहाल? जन्म-मृत्यूच्या तारखा लिहा, घेतलेले-दिलेले पैसे लिहा. शेजारच्या आजींनी १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडली, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. मोबाईल हाताशी आहे, हे खरे. पण फोन बदलतो, बिघडतो, हरवतो. वही नातीच्या हाती जाते.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपले लेखन कितीतरी वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. ते ‘जिणं आमुचं’ या नावाने १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले, आणि एका मोठ्या समाजाला आपली हकिगत छापील पानावर वाचता आली. त्या लपवलेल्या कागदांची रद्दी झाली असती तर केवढे नुकसान झाले असते! आपल्यातल्या प्रत्येकीचे पुस्तक होईल असे नाही. पण आपले लिखाण लपवावे लागू नये, एवढे तर आपण नक्कीच करू शकतो.

तेव्हा वर्गातल्या कपाटात जो कातरणांचा गाठोडा पडला आहे, तो सफाईला देण्याआधी सोडा. पुठ्ठा, कागद आणि आरी मी घेऊन येते. पुढच्या रविवारी दुपारी येथेच बसू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनीही यावे. वही त्या बांधतील, लिहायला त्यांची मुलगी किंवा नात बसेल, आणि पहिल्या पानावरचे नाव मात्र ज्या बाईची वही तिनेच गिरवायचे.