रुमालात बांधलेली गावं

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापले. भर अर्थातच राजकारणावर. वतनांचे तंटे, बलुतेदारांचे हक्क, वेठ यांचे कितीतरी कागद अजून मोडी लिपीतच आहेत. ज्यांच्या पूर्वजांची ही हकीकत, त्या घरांतली मुलं-मुली आता संशोधनाकडे वळताहेत. पण मोडी येत नाही आणि पुण्यात राहणं परवडत नाही. नुसतं स्कॅनिंग करून भागणार नाही; मोडी न येणाऱ्याला पडद्यावरचा कागदही मुकाच. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. ते तालुक्याच्या कॉलेजातही भरावेत, रुमालांच्या याद्या घरबसल्या पाहता याव्यात, आणि मुक्कामापुरती का होईना, शिष्यवृत्ती मिळावी.