शेवटचा शब्द कोणाचा?

(खेड येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



‘आदिवासी सभेचं बातमीपत्र कसं चालवावं’ असा विषय मला दिला आहे. कागद, झेरॉक्स, वाटप यांबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही, ते जमतं. अडतं ते एकाच ठिकाणी: काय छापायचं, यावर शेवटचा शब्द कोणाचा?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा तुम्हाला माहीत आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्याकडे गोष्ट वेगळी. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता, आणि रत्नागिरी जिल्हा त्यात येत नाही. इथली कातकरी वाडी म्हणजे मोठ्या ग्रामपंचायतीच्या कडेची काही घरं. म्हणून वाडीची वेगळी सभा भरू लागली, आणि तिचे ठराव दर महिन्याला एका कागदावर निघू लागले. वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते मोठ्याने वाचायचे.

पण सभाच सरकार, तर तिचा कागद हे गॅझेट झालं. गॅझेटात सरकारला न आवडणारी बातमी कशी येणार?

एका बाईने ती आणली. कोळशाच्या भट्टीवर नवरा-बायको दोघं राबतात. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात, हिशेबही त्याच्याच नावावर. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचं. तिचं म्हणणं एवढंच, की माझी मजुरी किती झाली ते सांगा. पंच म्हणाले, हे घरातलं, ही बातमी नव्हे. उचलीपायी माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, तरी ते घरातलं! (सरकार मोठं असो की वाडीएवढं, बाईचा प्रश्न घरात ढकलणं सगळ्यांना येतं.)

दोन महिने कागद निघाला नाही. मग तोड निघाली: पुढची बाजू सभेची, मागची बायकांची. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. तोच क्रम धरला. मागच्या बाजूचं बायका ठरवतात. सभेला ते खोडता येत नाही, उत्तर देता येतं, आणि ते पुढच्या अंकात जसंच्या तसं छापतो. बुंदेलखंडात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’त बातमी आणणाऱ्याही बायका आणि ती निवडणाऱ्याही बायकाच, भाषाही तिथली बुंदेली. तेही आम्ही घेतलं. शाळा शिकलेली मुलं पुस्तकी मराठीत लिहून आणत, तेव्हा बायका म्हणत, हे आम्ही बोललोच नाही. आता कातकरीतच लिहितो.

त्या बाईला नाव घालू का, असं तीनदा विचारलं होतं. ‘घाला,’ म्हणाली. पुढे गणपतीच्या दिवसांत मुकादमाने तिच्या घराला उचल नाकारली. बायकांनी तांदूळ गोळा करून दिले, ते थोडे दिवस पुरले. सभेच्या उत्तरात याबद्दल एक ओळही नव्हती.

महिला सभेत आता ठरलं आहे, की एकटीचं नाव पुढे करायचं नाही. सगळ्या घरांच्या उचलीचे आकडे एकदमच छापायचे, बाईची मजुरी वेगळी दाखवून. सहा घरांनी दिलेत. बाकीचे दिवाळीच्या आत मिळायला हवेत; नंतर वाडीत विचारायला कोणी उरत नाही.