वीज गेल्यावरचा तास



दादरा-नगर हवेलीतल्या नरोलीहून मुंबईला निघून डहाणूला लोकल पकडणाऱ्यांनी हे पाहिलं असेल. धावत्या गाडीतले दिवे-पंखे एकदम बंद होतात, डब्यात दोन-चार दिवे तेवढे जळत राहतात आणि काही सेकंदांत सगळं पुन्हा सुरू होतं. वरच्या तारेचा एक छोटा तुकडा मुद्दाम बिनविजेचा ठेवलेला असतो. एका उपकेंद्राची हद्द तिथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. रेल्वेवाले त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. जळत राहणारे ते दिवे बॅटरीवरचे. खिडकीतून वारा येत असतो, त्यामुळे कुणी मान वर करूनही बघत नाही.

पण गाडी जमिनीखाली असेल तर? मुंबईची मेट्रो तीन, आरे ते कफ परेड, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, त्यांतली सव्वीस भुयारी. तिथे खिडकी उघडत नाही आणि उघडली तरी बाहेर भिंतच.

अशा गाडीत वरून २५ हजार व्होल्टची वीज येते. तिच्यातून मोटरी चालतात, वातानुकूलन चालतं आणि बॅटरीही भरत राहते. वीज गेली की बॅटरीकडे हिशेबाने खर्च करण्यापुरतीच वीज उरते. घरच्या इन्व्हर्टरवर आपण दिवा-पंखा चालवतो, एसीला हात लावत नाही, तसंच हे. वातानुकूलन पहिलं बंद होतं. उरतात ते काही दिवे, घोषणेचा भोंगा, चालकाचा वायरलेस, दारांची यंत्रणा आणि बाहेरची हवा आत ओढणारे पंखे. हे सगळं साधारण तासभर टिकावं, असा सहसा हिशेब असतो. बोगद्यातले दिवे निराळ्या पुरवठ्यावर असतात, म्हणजे उतरून चालायची वेळ आली तर पायाखालचं दिसावं.

तासभर पुरेल का? माझ्या मते, वीज किती वेळ जाते यापेक्षा माणसं किती वेळात बाहेर निघतात यावर ते ठरतं. लंडनमध्ये २८ ऑगस्ट २००३ च्या संध्याकाळी, ऐन घरी जायच्या वेळी वीज गेली. कारण ऐकाल तर हसाल: एका ठिकाणी पाच अँपिअरच्या जागी एक अँपिअरचा रिले, म्हणजे वीज तोडणारा रक्षक, बसवलेला होता! वीज चौतीस मिनिटांत परत आली. पण भुयारी रेल्वे तेवढ्यात रुळावर आली नाही. अडकलेल्या गाड्या रिकाम्या करायच्या, रूळ तपासायचे, मग एकेक गाडी हलवायची. यात सगळी संध्याकाळ गेली.

आपल्याकडचं उदाहरण भुयारातलं नाही, उलट उंचावरचं आहे. पण बंद डब्याचा धडा त्यातच जास्त स्पष्ट दिसतो. १९ ऑगस्ट २०२५. मुंबईत धो धो पाऊस, लोकल कोलमडलेल्या, म्हणून लोक मोनोरेलकडे धावले. क्षमतेपेक्षा जास्त भार झाला, गाडीचा वीजपट्टीशी असलेला संपर्क तुटला आणि चेंबूरजवळ म्हैसूर कॉलनीपाशी ती हवेत थांबली. वातानुकूलन बंद, काचा पक्क्या, आत पाचशेहून अधिक माणसं. अग्निशमन दलाने शिड्या लावून रात्रीपर्यंत एकेकाला उतरवलं. लोकांचा जीव अंधाराने घाबरला नव्हता, हवा संपतेय या भावनेने घाबरला होता. दिवा असला तरी तो गुदमरलेल्या माणसाला वारा घालत नाही. म्हणून आणीबाणीच्या दिव्यांची चौकशी करताना पंख्यांचीही करावी. आणि त्याच्या आधी, डब्यात माणसं किती चढू दिली याची.

दिवे विझण्याची एक गंमतही आहे. टोकियोची गिन्झा लाइन ही भुयारी रेल्वे १९२७ ची. तिथे वीज रुळालगतच्या पट्टीतून मिळते. पट्टीत जिथे खंड असे, तिथे जुन्या गाड्यांत दिवे विझत आणि भिंतीवरचा छोटा राखीव दिवा पेटे. लोकांना त्या लुकलुकीचा इतका लळा लागला, की २०१७ मध्ये जुन्या रूपाच्या दोन खास गाड्या आल्या तेव्हा त्यांत हे विझणं-पेटणं मुद्दाम घालून दिलं. हौस म्हणायची, दुसरं काय!

पण जपानी लोक हौसेवर थांबले नाहीत. २०२० पासून धावणाऱ्या एन-७०० एस या बुलेट ट्रेनमध्ये लिथियम बॅटरी आहे. वीज गेली तरी तिच्या जोरावर गाडी स्वतःच सावकाश सरकत बोगद्यातून किंवा पुलावरून सुरक्षित जागी येऊ शकते. म्हणजे बोगद्यात मदतीची वाट पाहत बसायला नको.

हे आपल्याला दूरचं नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग आपल्या दादरा-नगर हवेलीतून सुमारे चार किलोमीटर जातो, आणि तोच मार्ग वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा एकवीस किलोमीटर बोगद्यातून जाणार आहे, त्यातले सात ठाण्याच्या खाडीखालून. वापीला त्या गाडीत बसणारा आपला माणूस मुंबईत पोचताना खाडीच्या पोटातूनच जाईल. तिथे वीज गेल्यावर दिवे किती वेळ जळतील, पंखे किती वेळ फिरतील आणि गाडी स्वतःच्या बळावर बाहेर येईल का, एवढं तिकिटाच्या पाठीवर छापावं, अशी मागणी मी आजच नोंदवून ठेवतो.