गुलाबाचं कलम घेताना

दिवाळी सरली की पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोपवाटिकांत गुलाब डोलायला लागतात, आणि आपला हात आपोआप फुललेल्या रोपाकडे जातो. आमच्या बचत गटाचंही तसंच झालं. पुढच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फुलं विकू, म्हणून गटाच्या पैशातून वीस कलमं आणली. वर्षभरात झाडं पुरुषभर वाढली. फूल म्हणाल तर एक नाही. नुसतं काट्यांचं रान!

चूक आमचीच. गुलाबाचं कलम म्हणजे दोन झाडं असतात. खाली रानगुलाबाचा खुंट, त्यावर भरलेला चांगल्या जातीचा डोळा. वरचा डोळा मेला, खालचा खुंट फोफावला, आणि आम्ही कौतुकाने त्यालाच शेणखत घालत बसलो.

म्हणून आता मी आधी सांधा बघते. तो घट्ट जुळलेला हवा आणि त्याच्या वरूनच दोन-तीन जाड, हिरव्या काड्या फुटलेल्या हव्यात. काडी टोकाकडून काळी पडत असेल तर ते रोप नको. ही मर खाली उतरत जाते. पान उलटून बघा. बारीक जाळं आणि हलणारे लाल कण दिसले, तर तो कोळी. काळे ठिपके पडून पानं पिवळी होत असतील, तर तेही दुखणं घरी आणू नका. आपल्या दमट हवेत ते भराभर पसरतं. एवढं तपासल्यावर दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

भाताच्या खाचरात गुलाब लावू नका, पाणी साचून मुळं कुजतात. उंचवट्याची, पाच-सहा तास उन्हाची जागा बघा. दीड फुटाचा खड्डा, मातीत पूर्ण कुजलेलं शेणखत. मुळांभोवती चिकणमातीचा कडक गोळा असेल, तर बादलीत भिजवून हलकेच सैल करा. सांधा मातीच्या दोन बोटं वर राहू द्या.

सांध्याखालून फुटवा आला तर वरून छाटू नका, पुन्हा जोमाने येतो. माती बाजूला करून, जिथून निघाला तिथूनच ओढून काढा. एका देठाला सात पानं म्हणजे रानटी, असं बायका सांगतात. पण चांगल्या जातीलाही कधी सात येतात. पानं मोजण्यापेक्षा फुटवा कुठून निघाला ते बघा.

यंदा आम्ही सहाच कलमं आणली आहेत. दर रविवारी एकीने सांधे तपासायचे, अशी पाळी लावली आहे. या रविवारी माझी.