छपाईचे यंत्र घेण्यापूर्वी
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणावरून)



भांड्यांचा धंदा आपल्याकडे पिढीजात आहे आणि भांड्यावर नाव घालून देणे हे आपल्याच दुकानाचे काम. माझे वडील ते छिन्नीने ठोके देऊन करीत. मी विजेच्या लेखणीने करू लागलो. आता गिऱ्हाईक पाण्याची बाटली पुढे करते आणि तिच्यावर मुलाचे नाव, शाळेचे बोधचिन्ह व शिवाय रंगीत वाघ मागते. ही हौस पुरविणारे, थेट वस्तूवर छापणारे इंकजेट यंत्र घ्यावे काय, असे आपल्या काही तरुणांनी मला विचारले. त्यांपैकी एक जण त्यासाठी राहते घर गहाण टाकावयास निघाला आहे. म्हणूनच कार्यकारी मंडळाची आज्ञा मी मानली. एरवी व्यासपीठ हे माझे स्थान नव्हे.

या यंत्रातील शाई हवेने वाळत नाही. तिचे सूक्ष्म थेंब वस्तूवर पडताच अतिनील किरणांचा दिवा त्यांवरून फिरतो आणि शाई जागच्या जागी घट्ट होते. धातू वा काच शाई शोषून घेत नाही, तरीही त्यांवर चित्र उमटते, ते यामुळेच. परंतु उमटणे निराळे आणि टिकणे निराळे. हा भेद मला फार महाग पडला.

विक्रेत्याने मला प्लास्टिकच्या पट्टीवर सुरेख मोर छापून दाखविला. मी भाळलो आणि यंत्र घेतले. जूनमध्ये एका शाळेच्या दोनशे स्टीलच्या बाटल्या छापून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात पालक येऊ लागले. मुलांची नावे पापुद्र्यासारखी सुटत होती! पैसे परत केले, आणि गल्ल्यासमोर त्या बाटल्यांची पोती कित्येक दिवस पडून राहिली. दोष कोणाचा म्हणावा? मी माझी बाटली त्याला दाखविलीच नव्हती. उघड्या गुळगुळीत स्टीलवर छापण्यापूर्वी शाई धरून ठेवणारा 'प्रायमर' लावावा लागतो, हे मला पुढे कळले. रंगाचा लेप असलेल्या बाटलीवर शाई बहुधा अधिक चांगली धरते, पण लेपालेपांत फरक असतो.

म्हणून यंत्र पाहावयास जाताना आपलीच भांडी पिशवीत घालून न्यावीत. छापून घ्यावीत, एक दिवस थांबावे, मग पात्याने उभ्या-आडव्या बारीक रेघा ओढून त्यांवर चिकटपट्टी दाबून झटक्याने उपटावी. चौकोन सुटले नाहीत, तर भांडे घरी द्यावे. आमच्या घरात ते आठ दिवस रोजच्या घासणीखाली जाते, आणि गृहिणीचा निकाल मी अखेरचा मानतो. भांड्याच्या आतील बाजूस अथवा ओठ लागणाऱ्या काठावर मात्र ही छपाई करूच नये. ओली शाई कातडीस त्रास देते. हातमोजे घालावेत, खोली हवेशीर असावी.

दुसरी गोष्ट आकाराची. शाईचे तोंड वस्तूपासून काही मिलिमीटर अंतरावरच नीट काम करते. बाटलीस फिरविणारी जोडणी लागते. निमुळत्या पेल्याला ती तिरपी करता आली पाहिजे. गोल पोटाचा तांब्या आणि कानाचा कप यांची मोजमापे घेतल्यावाचून विसार देऊ नये. मिमाकीच्या यूजेएफ-३०४२ सारख्या लहान यंत्राची छपाईची जागा ३०० गुणिले ४२० मिलिमीटर असते. आपली परात त्यात मावणार नाही!

तिसरी गोष्ट पांढऱ्या शाईची. गडद रंगाच्या बाटलीवर आधी तिचा थर द्यावा लागतो. तिच्यातील टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसतो. शाई आपोआप ढवळत राहण्याची सोय यंत्रात असावी, आणि रोज सकाळी छिद्रांची चाचणी घ्यावी. छपाई चालू असता वीज गेली आणि शाईचे तोंड उघडे राहिले, तर दारातून येणारे ऊनदेखील त्यावरील शाई घट्ट करते. ते तोंड बदलणे म्हणजे मोठा भुर्दंड. म्हणून यूपीएस घ्यावा आणि यंत्र उन्हापासून दूर ठेवावे. दुरुस्त करणारा मनुष्य कोणत्या गावाहून येतो व किती दिवसांत येतो, हे किमतीच्या आधी विचारावे.

नुसती नावेच घालावयाची असतील, तर धातूवर कोरणारे फायबर लेझर यंत्र मला अधिक पसंत आहे; त्याला शाई नाही आणि घासणीचेही भय नाही. एकाच रंगातील एकच खूण हजार पेल्यांवर हवी असेल, तर जाळीची छपाई बहुधा स्वस्त पडते. नग थोडे, प्रत्येक नग निराळा आणि चित्र रंगीत, तेथेच इंकजेट शोभते.

त्या तरुणास मी सांगितले आहे की, घर तूर्त राहू दे; तीन महिने कामे घे, बाहेरून छापून आण, आणि वहीत नगांचा हिशेब मांड. महिन्याच्या हप्त्याइतकी शिल्लक तीनही महिने पडली, तर मी स्वतः त्याच्याबरोबर यंत्र पाहावयास जाईन. त्याची वही मी परवा पाहिली. पहिल्या महिन्यात चाळीस नग आहेत.

माझे यंत्र आता नीट चालते. सोमवार सोडून केव्हाही आपापली भांडी घेऊन यावे. छापून देईन, घासून मात्र ज्याने त्याने पाहावे.